लाल कार्ड बरोबर होते का?

खेळ हा विषय आपल्या अंकांतून क्वचितच येतो. आला तरी तो तक्रारींच्या रूपाने येतो: मुलींना मैदान मिळत नाही, आखूड कपड्यांत खेळू देत नाहीत, दहावीनंतर खेळ सुटतो. या तक्रारी खऱ्याच आहेत. पण मुली मैदानात पोचल्यावर, खेळल्यावर, हरल्या-जिंकल्यावर त्यांच्या खेळाबद्दल काय बोलले जाते, कोण बोलते आणि कोणत्या भाषेत बोलते, हाही आपलाच प्रश्न आहे. त्याविषयी थोडे मांडायचे आहे. उदाहरण घेतले आहे ते आपल्याकडे फारसे माहीत नसलेल्या खेळाचे, रग्बीचे. कारण स्त्रियांच्या एका रग्बी सामन्यावर झालेल्या वादात हा प्रश्न फार स्पष्ट दिसतो.

१२ नोव्हेंबर २०२२ रोजी न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या ईडन पार्क मैदानावर स्त्रियांच्या रग्बी विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. एका बाजूला यजमान न्यूझीलंड, दुसऱ्या बाजूला सलग ३० सामने जिंकून आलेला इंग्लंडचा संघ. प्रेक्षक ४२ हजारांवर. पंच होती स्कॉटलंडची हॉली डेव्हिडसन. न्यूझीलंडने हा सामना ३४-३१ असा, अवघ्या तीन गुणांनी जिंकला. सामना संपला आणि वाद सुरू झाला. तो आजही रग्बीप्रेमी मंडळींत निघतो.

वाद समजण्यापुरता खेळ समजून घेऊ. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू, ऐंशी मिनिटांचा खेळ. चेंडू हातात घेऊन पळायचे, पण हाताने पास द्यायचा तो मागेच, पुढे नाही. समोरच्या संघाच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला की ट्राय, त्याचे पाच गुण. मोठा नियमभंग झाला तर पेनल्टी मिळते. ती गोलखांबांमधून मारली तर तीन गुण. किंवा चेंडू बाजूरेषेबाहेर मारून तिथून, दोन्ही संघांच्या रांगांमध्ये तो आत फेकून, पुन्हा हल्ला करायचा. याला लाइनआऊट म्हणतात. चेंडू घेऊन पळणारीला अंगाने अडवणे म्हणजे टॅकल. टॅकल खांद्याच्या खाली करायचा असतो.

आता वाद. पहिल्या तेरा-चौदा मिनिटांतच इंग्लंडने १४-० अशी आघाडी घेतली होती. अठराव्या मिनिटाला न्यूझीलंडची पोर्शिया वुडमन चेंडू घेऊन पळत असताना इंग्लंडच्या लिडिया थॉम्प्सनने तिला अडवले. थॉम्प्सन वाकली नव्हती. डोक्यावर डोके आदळले. वुडमन मैदानाबाहेर गेली ती परत खेळायला आली नाही. डेव्हिडसनने चित्रफीत पुन्हा पाहून थॉम्प्सनला लाल कार्ड दाखवले. त्या वेळच्या नियमाप्रमाणे इंग्लंडला उरलेली बासष्ट मिनिटे चौदा खेळाडूंवर काढावी लागली.

“सामन्याचा विचका केला,” असे एक बाजू म्हणाली. “विश्वचषकाचा अंतिम सामना, मुद्दाम केलेले नाही, वेगात घडले, मग एवढी शिक्षा का?” दुसरी बाजू म्हणाली, “हेतू कोणी विचारत नाही. डोक्याला धक्का लागला का, तो नियमबाह्य होता का, धोका किती होता आणि तो कमी मानावा असे काही घडले होते का, एवढेच पंचाने पाहायचे असते.”

वादाचा दुसरा मुद्दा शेवटच्या मिनिटाचा. ३४-३१. इंग्लंडला पेनल्टी मिळाली. गोलखांबांकडे मारून तीन गुण घेतले असते तर बरोबरी झाली असती आणि सामना जादा वेळेत गेला असता. इंग्लंडने चेंडू कोपऱ्यात, न्यूझीलंडच्या रेषेजवळ बाहेर मारला आणि लाइनआऊट घेतला. चेंडू आत फेकला गेला, न्यूझीलंडच्या जोआना न्गान-वू हिने उडी मारून तो इंग्लंडच्या हाती लागू दिला नाही, आणि विश्वचषक गेला. “बरोबरी का नाही साधली?” असे एक म्हणतात. दुसरे म्हणतात, “त्यांचे सगळ्यात चांगले हत्यार तेच होते. लाइनआऊटनंतर घोळक्याने ढकलत नेऊनच तर एमी कोकेनने त्या दिवशी तीन ट्राय केले. ते हत्यार तिथे वापरायचे नाही तर कुठे?”

मैत्रिणींनो, या वादात काय आहे आणि काय नाही, ते पाहा. यात कोणी असे म्हणत नाही की बायकांनी हा खेळ खेळावा का. कोणी असे म्हणत नाही की “बायका असून किती छान खेळल्या.” एका स्त्रीने दिलेला निर्णय नियमाला धरून होता का, आणि काही स्त्रियांनी दडपणाखाली निवडलेला डाव शहाणपणाचा होता का, एवढाच प्रश्न आहे. माझ्या मते ही साधी गोष्ट नाही. इथपर्यंत यायला फार वेळ लागला आहे.

स्त्रियांचा पहिला रग्बी विश्वचषक १९९१ मध्ये वेल्समध्ये झाला, तेव्हा आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाची त्याला मान्यता नव्हती. इंग्लंडमधल्या चार खेळाडू-कार्यकर्त्यांनी नोकऱ्या, घरे सांभाळून तो भरवला. सोव्हिएत संघाच्या खेळाडूंकडे परकीय चलन नव्हते. त्यांनी खर्च भागवण्यासाठी विकायला व्होडका आणली होती. अंतिम सामन्यात अमेरिकेने इंग्लंडला १९-६ असे हरवले. त्या सामन्यातल्या पंचाच्या निर्णयावर किती वाद झाला असेल? जवळजवळ नाहीच, कारण पाहायलाच फार थोडी माणसे होती. १९९१ आणि १९९४ च्या या स्पर्धांना विश्वचषक म्हणून अधिकृत मान्यता मिळायला २००९ साल उजाडले. त्या चौघींपैकी डेबोरा ग्रिफिन २०२५ मध्ये इंग्लंडच्या रग्बी संघटनेची पहिली स्त्री अध्यक्ष झाली. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर इंग्लंडने कॅनडाला ३३-१३ असे हरवून विश्वचषक परत मिळवला. तो सामना पाहायला ८१,८८५ माणसे आली होती. पंच पुन्हा हॉली डेव्हिडसनच होती. २०२२ च्या निकालाबद्दल एवढी टीका झाल्यावरही तिला पुन्हा अंतिम सामना देण्यात आला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

जिच्याकडे कोणी पाहत नाही, तिच्या चुकाही कोणी मोजत नाही. न मोजणे ही दया नव्हे, ती उपेक्षा आहे. आणि जिच्या पाठीवर नुसती थाप मारली जाते, तिच्या बाबतीतही हेच घडते. “मुलींनी मने जिंकली” असे वृत्तपत्रात छापून येते, तेव्हा संघ कोणत्या डावामुळे हरला हे त्या बातमीत बहुधा नसते. मुलांच्या संघाबद्दल असे लिहिले तर वाचक चिडतील. मुलींच्या बाबतीत मात्र ते कौतुक ठरते. चांगल्या मनाने केलेल्या या कौतुकात एक गृहीतक दडलेले असते: यांच्याकडून फार अपेक्षा नाही.

म्हणून मला वाटते की स्त्रीच्या कामाची नियमाला धरून, कसून चिकित्सा होणे हा तिचा हक्क आहे. नोकरी, वेतन, मालमत्ता यांच्या हक्कांइतका तो ठळक दिसत नाही, कारण तो मिळतो तेव्हा थोडा बोचतो. पण तो नसेल तर तिचे काम हे काम म्हणून मोजलेच जात नाही.

वादाचा निवाडा करायचा नसला तरी माझे मत सांगते. लाल कार्ड बरोबर होते. “सामन्याचा विचका झाला” या तक्रारीत एक हिशेब लपलेला आहे: प्रेक्षकांची करमणूक एका पारड्यात आणि खेळाडूचा मेंदू दुसऱ्या पारड्यात. २००३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या पुरुष संघातील स्टीव्ह थॉम्प्सन याने २०२० मध्ये, चाळिशीतच, आपल्याला स्मृतिभ्रंश झाल्याचे जाहीर केले. तो विश्वचषक जिंकल्याचे त्याला आठवत नाही. त्याच्यासारख्या अनेक माजी खेळाडूंनी, आपले नीट संरक्षण केले नाही म्हणून, खेळाच्या संघटनांवर दावे लावले आहेत. कारखान्यात यंत्राला जाळी बसवा म्हटले की “उत्पादन घटेल” म्हणणारा मालक आपल्याला ओळखीचा आहे. खेळाडू हीही कष्ट करणारी बाई आहे आणि तिचे डोके हे तिच्या कामाच्या जागेवरच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. त्या दिवशी डेव्हिडसनने हजारो लोकांसमोर ती जाळी बसवली. आता काही स्पर्धांत लाल कार्डानंतर वीस मिनिटांनी बदली खेळाडू येऊ देतात. त्यामुळे शिक्षा खेळाडूला होते आणि सामनाही एकतर्फी होत नाही, असा युक्तिवाद आहे. तो ऐकण्यासारखा आहे. पण तो नियम बदलण्याचा युक्तिवाद आहे. त्या दिवशी हातात असलेल्या नियमाने पंचाने काय करायचे होते, याचे उत्तर त्याने बदलत नाही.

कोपऱ्यातल्या लाइनआऊटचा निर्णयही मला योग्य वाटतो. तासाभरापेक्षा जास्त वेळ एक खेळाडू कमी असताना दमलेल्या संघाने जादा वेळेत जायचे, की दिवसभर जे जमले ते आणखी एकदा करून पाहायचे? त्यांनी दुसरे निवडले. फसले. पण फसले म्हणून ते चुकीचे होते असे होत नाही. निर्णय घेताना काय माहीत होते त्यावर निर्णय तोलावा, नंतर काय झाले त्यावर नाही. बाईच्या बाबतीत हे विशेष सांगावे लागते. तिचा निर्णय फसला की “तरी सांगत होतो” म्हणणारे दारातच उभे असतात.

याउलटचे उदाहरण आपल्याजवळचे आहे. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत स्त्रियांच्या क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हरमनप्रीत कौरने मुख्यतः फलंदाज असलेल्या शफाली वर्माच्या हाती चेंडू दिला. शफालीने दोन बळी घेतले, भारत ५२ धावांनी जिंकला आणि कर्णधाराच्या धाडसाचे गोडवे गायले गेले. दोन बळींऐवजी दोन षटकांत पंचवीस धावा गेल्या असत्या तर? निर्णय तोच असता, कर्णधार तीच असती. फक्त भाषा बदलली असती.

आता भाषेचाच मुद्दा. चिकित्सा कुठे संपते आणि छळ कुठे सुरू होतो?

न्यूझीलंडचा जो संघ २०२२ मध्ये जिंकला, तोच २०२१ च्या अखेरीस इंग्लंड आणि फ्रान्सकडून दौऱ्यावर वाईट हरून आला होता. त्यानंतर संघातील एका ज्येष्ठ खेळाडूने प्रशिक्षकाच्या बोलण्याने आपण कशा खचलो ते जाहीरपणे लिहिले. चौकशी झाली. पक्षपात, सांस्कृतिक अनादर, शरीरावरून बोलणे अशा तक्रारी पुढे आल्या. एप्रिल २०२२ मध्ये प्रशिक्षक पायउतार झाला. त्याच्या जागी आलेल्या वेन स्मिथने खेळाडूंच्या चुका काढल्या नाहीत असे नाही. तो तर बारकाईने चुका काढण्यासाठीच ओळखला जाणारा माणूस. पण “तुझा पास उशिरा जातो” आणि “तू इथे असायलाच नको होतीस” या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिले वाक्य ऐकून सराव करता येतो. दुसरे ऐकून फक्त रडता येते किंवा सोडून जाता येते. सात महिन्यांनी त्याच संघाने विश्वचषक उचलला.

पंचांच्या बाबतीत चित्र आणखी भयानक आहे. इंग्लंडचा पंच वेन बार्न्स याच्या नजरेतून २००७ च्या पुरुष विश्वचषकात फ्रान्सचा एक पुढे गेलेला पास सुटला आणि न्यूझीलंड हरले. त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. २०२३ चा अंतिम सामना त्याने चालवला. त्यात न्यूझीलंडच्या कर्णधाराला लाल कार्ड मिळाले आणि दक्षिण आफ्रिकेने १२-११ असा विजय मिळवला. त्यानंतर काही दिवसांतच तो निवृत्त झाला. त्या सामन्यात चित्रफीत तपासणारा पंच टॉम फोली यानेही धमक्यांना कंटाळून आंतरराष्ट्रीय सामन्यांतून काही काळ अंग काढून घेतले. बार्न्सने पुढे सांगितले की आलेल्या धमक्यांत घर जाळण्याची भाषा होती आणि त्याच्या बायकोवर लैंगिक अत्याचार करण्याचीही.

हे वाक्य पुन्हा वाचावे. शिटी फुंकली पुरुषाने, निर्णय दिला पुरुषाने, हरला पुरुषांचा संघ, आणि शिक्षा ठरली बाईच्या शरीराला. तिने तर शिटीला हातही लावला नव्हता. दंगलीत, जमिनीच्या भांडणात, जातीच्या सूडात हेच गणित आपण पाहत आलो आहोत. पुरुषाला धडा शिकवायचा तर त्याची बाई गाठायची. ‘खेळावरचे प्रेम’ म्हणून ज्याकडे काणाडोळा होतो, त्याच्या तळाशीही तेच आहे. आणि पंचच स्त्री असेल तर तिला वेगळी बायको शोधावी लागत नाही.

अधिकारी माणसेही याला खतपाणी घालतात. २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या रग्बीचे संचालक रॅसी इरॅस्मस यांनी पंचाच्या निर्णयांवर टीका करणारी बासष्ट मिनिटांची चित्रफीत केली, ती सर्वत्र पसरली आणि त्यांच्यावर दोन महिन्यांची बंदी आली. त्यांच्या काही मुद्द्यांत तथ्य असेलही. पण संघांना पंचाकडे खुलासा मागण्याची रीत आहे, पंचांच्या कामाचा प्रत्येक सामन्यानंतर आढावा घेतला जातो. एका माणसाला, ज्याला त्याच वेळी उत्तर देण्याची मुभा नाही, जमावापुढे उभे करणे म्हणजे चिकित्सा नव्हे.

वस्तीतल्या ज्या मुलींच्या कबड्डी गटाबरोबर मी काम करते, त्यांना गेल्या वर्षी ऑकलंडच्या सामन्यातला तो तुकडा दाखवला होता. रग्बी त्यांनी कधी पाहिली नव्हती. अठराव्या मिनिटाचा टॅकल पाहिल्यावर एकजण लगेच म्हणाली, “ताई, ती वाकलीच नाही. पकड करताना वाकायलाच पाहिजे.” दुसरी म्हणाली, “पण समोरची एवढी जोरात येत होती, वाकायला वेळ कुठे होता?” पहिली म्हणाली, “वेळ नव्हता तर सोडून द्यायचं तिला. एक ट्राय गेला असता.” अर्धा तास भांडल्या. शेवटी कोणीतरी विचारले, “पंच बाई होती?” तोवर ते कोणाच्या लक्षातही आले नव्हते. या मुली आपल्या घरी, शाळेत, स्पर्धेत रोज निवाडे ऐकतात. निवाडा कोणत्या नियमाने झाला हे विचारायची संधी त्यांना क्वचित मिळते. त्या अर्ध्या तासात त्या प्रेक्षक नव्हत्या, जाणकार होत्या.

रग्बी आपल्या देशातही स्त्रिया खेळतात. पंधरा-पंधराच्या रग्बीत भारतीय स्त्रियांचा संघ २०१८ मध्ये प्रथम आंतरराष्ट्रीय मैदानात उतरला आणि २०१९ मध्ये सिंगापूरला २१-१९ असे हरवून त्याने पहिला विजय मिळवला. पुण्याची वाहबिझ भरुचा या संघाची कर्णधार होती. त्या २१-१९ मध्ये कोणाचा टॅकल मोलाचा ठरला, कोणता डाव फसता फसता वाचला, यावर आपल्याकडे किती ओळी लिहून आल्या? दोन गुणांनी जिंकलेल्या सामन्यात वाद घालण्यासारखे खूप असते. वाद घालणारेच नव्हते.

हा मुद्दा मैदानापुरता नाही. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत. गावात स्त्री सरपंच झाली की तिच्याबद्दल दोनच तऱ्हेने बोलले जाते. कार्यक्रमात हार घालून “महिला असूनही” म्हणतात; पारावर तिचे चारित्र्य काढतात. पाणीपुरवठ्याचा ठराव तिने का लांबवला, घरकुलांची यादी कोणत्या निकषावर केली, हे ग्रामसभेत उभे राहून विचारणारे थोडे. तिला हार नको आहे आणि चिखलही नको आहे. तिला प्रश्न हवे आहेत, ज्यांची उत्तरे देता येतील असे.

आणि आपल्या संघटनांत तरी काय आहे? बैठकीत कोणाचा निर्णय पटला नाही तर आपण बहुधा गप्प बसतो, बहिणभावाला तडा जाईल म्हणून. मग बसस्टॉपवर, फोनवर, चहाच्या टपरीवर तिच्या स्वभावाबद्दल बोलतो. मोर्चा फसला तर मार्ग चुकला की वेळ चुकली, याचा आढावा राहून जातो; “तिला पुढे पुढे करायची सवयच आहे” हे मात्र सगळ्यांपर्यंत पोचते. काही मैत्रिणी म्हणतात, बायकांना आत्ता कुठे जागा मिळते आहे, आपणच आपल्या बाईच्या चुका कशा काढायच्या, विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल. ही भीती पोकळ नाही. पण उघड बोललो नाही म्हणून बोलणे थांबत नाही, ते फक्त तिच्या पाठीमागे जाते. तिथे तिला उत्तर देता येत नाही.

रग्बीप्रेमी मंडळींच्या चांगल्या वादातून घेण्यासारखे एवढेच आहे. निर्णयावर बोला, देहावर आणि घरादारावर नको. कोणता नियम लावता ते आधी सांगा, आणि तोच पुरुषालाही लावा. फसले म्हणून चुकले असे धरू नका. जिच्याबद्दल बोलता, तिला बोलायला जागा ठेवा. आणि एवढे सांभाळल्यावर मात्र भीड ठेवू नका, कडाडून बोला.

आपापल्या गटात पुढच्या कार्यक्रमानंतर, आभारप्रदर्शन झाल्यावर लगेच घरी न जाता, एक तास यासाठी ठेवून पाहावा. काय ठरले होते, काय झाले, कोणी काय निवडले आणि का, एवढेच बोलायचे. कसे जमले, कुठे अडले, कोण दुखावले गेले, ते अवश्य कळवावे. त्यावरही वाद घालू.